मोर, साप आणि गृहपाठाची वही



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयुष्यभर आठवी ते दहावीच्या मुलांना बीजगणित आणि भूमिती शिकवत होते. त्यांच्या स्वभावाविषयी, शिस्तीविषयी बोलणारे त्यांचे विद्यार्थी या सभागृहात पुष्कळ आहेत. मी त्यांच्या कामातला एकच भाग घेणार आहे. त्यांनी सर्वांत जास्त वेळ कशाला दिला असेल, तर मुलांच्या वहीतल्या पायऱ्या वाचण्याला. उत्तर चुकलं म्हणून त्यांनी फुली मारल्याचं कुणाला आठवत नाही. जिथे गाडी घसरली त्या ओळीसमोर, समासात, ते एक शब्द लिहीत: ‘कशावरून?’ उत्तर बरोबर असलेल्या वहीतही हा शब्द सापडे. आजचा माझा विषय तो प्रश्न आहे.

नुसतं बोलून हे समजणार नाही, म्हणून एक उदाहरण सोडवू. निमंत्रणपत्रिकेची मागची बाजू कोरी आहे, ती वापरा.

उदाहरण भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तलं आहे, इ.स. ११५० च्या सुमाराचं. माझ्या शब्दांत सांगतो. नऊ हात उंचीचा एक खांब आहे. खांबाच्या बुडाशी सापाचं बीळ आहे आणि टोकावर मोर बसलेला आहे. बिळापासून सत्तावीस हातांवर मोराला साप दिसतो. साप बिळाकडे निघालेला आहे. मोर त्याच्यावर तिरकी झेप घेतो. दोघांनी सारखंच अंतर कापलं आणि दोघांची गाठ पडली, तर ती बिळापासून किती हातांवर?

आता आकृती. खांबाच्या बुडाला ब म्हणू, टोकाला ट. साप जिथे दिसला तो बिंदू स आणि गाठ पडली तो बिंदू ग. बट ही उभी रेघ ९, बस ही आडवी रेघ २७. बग हे अंतर माहीत नाही, ते क्ष मानू. मग सापाने कापलेलं अंतर सग म्हणजे २७ − क्ष. मोराने कापलेलं अंतर गट. टबग हा काटकोन त्रिकोण आहे, म्हणून गट² = ८१ + क्ष². दोन्ही अंतरं सारखी, म्हणून

८१ + क्ष² = (२७ − क्ष)²
८१ + क्ष² = ७२९ − ५४क्ष + क्ष²
५४क्ष = ६४८
क्ष = १२

ताळा पाहू. साप २७ − १२ म्हणजे १५ हात गेला. मोराच्या झेपेचा वर्ग ८१ + १४४ म्हणजे २२५, आणि त्याचं मूळ १५. जमलं.

चार ओळींत संपलं. परीक्षेत याला पूर्ण गुण मिळतील, आणि बहुतेक वर्गांत फळा पुसून पुढचं उदाहरण सुरू होईल. पण हेच उदाहरण वर्गातल्या मुलांना घरी करायला दिलं, तर बाराशिवाय आणखी कोणती उत्तरं येतात ते बघा. मला त्यातली तीन नेहमी भेटतात: साडेतेरा, नऊ आणि अठरा.

साडेतेरा म्हणणाऱ्या मुलाने समीकरण मांडलेलंच नसतं. ‘सारखं अंतर’ वाचलं, सत्तावीसचे दोन भाग केले. मोर जमिनीवरून चालत येत नाही, वरून तिरका येतो, हे त्याच्या आकृतीत उतरलेलं नाही. बहुधा आकृतीच नाही. त्याला बीजगणित शिकवून उपयोग नाही, खांब काढायला सांगितलं पाहिजे.

नऊ म्हणणाऱ्या मुलीने आकृती अचूक काढलेली असते, पायथागोरसचं प्रमेयही बरोबर लावलेलं असतं. पण ८१ + क्ष² चं वर्गमूळ तिने ९ + क्ष असं घेतलं. मग ९ + क्ष = २७ − क्ष, आणि क्ष = ९. तिची बाकीची प्रत्येक पायरी निर्दोष आहे.

अठरा म्हणणाऱ्याने (२७ − क्ष)² याचं ७२९ − क्ष² केलं. मग २क्ष² = ६४८, क्ष² = ३२४, क्ष = १८. हे उत्तर फार फसवं आहे, कारण ते पूर्णांकात येतं. वर्गमूळ सुटसुटीत निघालं की मुलाला वाटतं, आपलं बरोबरच आहे. पण ताळा पाहिला तर साप फक्त नऊ हात गेला आणि मोर वीस हातांहून जास्त.

तिन्ही उत्तरं चूक आहेत, म्हणून तिघांनाही शून्य गुण देता येतात. पण तीन मुलं तीन वेगळ्या ठिकाणी अडलेली आहेत, आणि ती ठिकाणं उत्तरात दिसत नाहीत, पायरीत दिसतात. सर वह्या घरी नेत आणि रात्री वाचत त्याचं कारण हे. मुलं अर्ध्या पायऱ्या वहीच्या शेवटच्या पानावर, कच्च्या कामात करतात, आणि नंतर ते पान फाडून टाकतात. ‘स्वच्छ वही’चा आपला आग्रह त्याला जबाबदार आहे. माझं स्पष्ट मत आहे की कच्चं काम त्याच पानावर, उजव्या बाजूला रेघ मारून, असलंच पाहिजे, आणि खोडलेल्या ओळीसुद्धा वाचता येतील अशा राहिल्या पाहिजेत. शिक्षकाला वाचायला सर्वांत मोलाचा मजकूर तोच असतो.

आता अठरावाल्या मुलाकडे परत जाऊ. त्याला आपण काय सांगतो? ‘सूत्र पाठ कर.’ तो पाठ करतो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा विसरतो. कारण मधलं पद का येतं हे त्याने पाहिलेलंच नसतं. त्याला सत्तावीस चौकटी बाजूचा एक चौरस आलेख कागदावर काढायला सांगा. त्याच्या एका कडेने क्ष रुंदीची पट्टी कापायची: २७क्ष गेले. लगतच्या कडेने तशीच दुसरी पट्टी: आणखी २७क्ष. पण कोपऱ्यातला छोटा चौरस दोन्ही पट्ट्यांत मोजला गेला, म्हणजे दोनदा वजा झाला. तो एकदा परत मिळवायचा. म्हणून ७२९ − ५४क्ष + क्ष². हे ज्याने स्वतःच्या कात्रीने केलं, तो ते पद सहसा विसरत नाही. युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’च्या दुसऱ्या पुस्तकात बेरजेच्या वर्गाचं सूत्र असंच भूमितीचं प्रमेय म्हणून येतं, रेषाखंडाचे दोन भाग करून त्यांवर काढलेले चौरस आणि आयत यांच्या भाषेत.

आपण मात्र शाळेत बीजगणिताची वही वेगळी केली, भूमितीची वेगळी. दहावीला गणित भाग १ आणि गणित भाग २ असे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर. वेळापत्रकाच्या सोयीसाठी ते ठीक असेल. पण मुलाच्या डोक्यातही दोन वह्या होतात, आणि बीजगणितात अडल्यावर आकृती काढावी हे त्याला सुचत नाही. मोर-सापाचं उदाहरण मला प्रिय आहे ते यामुळे. ते कोणत्या वहीत लिहायचं हे ठरवता येत नाही.

समीकरणाच्या पायरीचंही असंच आहे. ‘पलीकडे गेलं की चिन्ह बदलतं’ हा नियम आपण सातवी-आठवीत देऊन टाकतो. तो चालतो, म्हणून कुणी कारण विचारत नाही. मग एक दिवस ५क्ष = २० समोर येतं आणि मूल पाच पलीकडे नेऊन २० भागिले उणे पाच लिहितं. नियम त्याने इमानाने पाळलेला आहे! भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ ग्रंथात समीकरणाचे दोन पक्ष एकाखाली एक मांडलेले असतात. अव्यक्त राशीसाठी ‘या’, ज्ञात संख्येसाठी ‘रू’, आणि दोन्ही पक्षांतली सारखी पदं एकाखाली एक. त्या मांडणीत काही पलीकडे जातच नाही. दोन्ही पक्षांतून सारखंच वजा करायचं, दोन्हींना सारख्यानेच भागायचं. आपल्या उदाहरणात दुसऱ्या ओळीवरून तिसरीवर जाताना आपण नेमकं काय केलं? दोन्ही बाजूंतून क्ष² काढला, दोन्ही बाजूंत ५४क्ष मिळवले, दोन्ही बाजूंतून ८१ काढले. एका ओळीत तीन कामं. शिकताना ती तीन ओळींत लिहावीत, आणि हात बसल्यावर एकत्र करावीत. उलट करू नये.

आता भास्कराचार्यांनी स्वतः हे उदाहरण कसं सोडवलं ते सांगतो, कारण त्यांनी समीकरण मांडलंच नाही. त्यांची रीत अशी: खांबाच्या उंचीचा वर्ग करा, ८१. त्याला साप आणि बिळातल्या अंतराने भागा, ८१ भागिले २७ म्हणजे ३. हे तीन अंतरातून वजा करा, २४. निम्मे करा, १२. संपलं.

रीत सुंदर आहे, पण का चालते ते तिथे सांगितलेलं नाही. ‘लीलावती’त रीत असते, उदाहरण असतं, दिलेल्या संख्यांची मांडणी असते आणि उत्तर असतं. कारण बहुतेक ठिकाणी गुरूने समोर बसून सांगायचं. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण इथे जो शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांचा नातू चंगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचं सांगितलं आहे. साल १२०७. म्हणजे हे ग्रंथ शिकवायलाही माणसं लागत होती, आणि त्यांची सोय करावी लागत होती.

आणि भास्कराचार्यांना कारणाची पर्वा नव्हती असं कुणी समजू नये. ‘सिद्धांतशिरोमणी’च्या गोलाध्यायात त्यांनी सांगितलं आहे की उपपत्ती कळल्याशिवाय गणितज्ञाला जाणत्यांच्या सभेत प्रतिष्ठा मिळत नाही, आणि त्याच्या स्वतःच्या मनातला संशयही फिटत नाही. यातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. सभेचं राहू द्या. रात्री एकट्याने वही उघडून बसलेल्या मुलाला, मागच्या पानावरचं उत्तर न पाहता, आपलं बरोबर आहे याची खात्री कशी पटावी?

‘लीलावती’तल्या रीतींच्या उपपत्ती लिहिण्याचं मोठं काम कोकणातल्या एका माणसाने केलं, आणि त्याचं नाव गणिताच्या वर्गात क्वचितच घेतलं जातं. मुरूडजवळच्या नांदगावचे गणेश दैवज्ञ. ‘ग्रहलाघव’ या त्यांच्या ज्योतिषग्रंथामुळे पंचांगकर्त्यांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. त्यांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. मूळ ग्रंथानंतर जवळजवळ चारशे वर्षांनी एक विद्वान बसून ‘हे कशावरून?’ याची उत्तरं लिहितो, हे मला एखाद्या मोठ्या शोधाइतकंच मोलाचं वाटतं.

तर या रीतीचं कारण शोधू. सापाचं अंतर सग आणि मोराचं अंतर गट सारखं. म्हणून गट आणि बग यांची बेरीज म्हणजेच सग आणि बग यांची बेरीज, म्हणजे २७. बेरीज हाती आली. आता काटकोन त्रिकोणातून गट² − बग² = ८१. वर्गांचं अंतर म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. म्हणून ८१ ला २७ ने भागलं की वजाबाकी मिळते: ३. बेरीज २७, वजाबाकी ३. मोठी संख्या १५, लहान १२. भागाकार का, वजा का, निम्मं का, तिन्हींचा उलगडा झाला. सातवीतलं मूलही हे समजू शकतं.

आता भूमितीकडून जाऊ. इथे मी थोडा रेंगाळणार आहे.

भूमितीच्या वहीत सिद्धता कशी लिहितात? पक्ष, साध्य, रचना, सिद्धता. आपल्या उदाहरणात लिहायचं तर: ‘रचना: रेख टस चा म हा मध्यबिंदू घ्या, रेख गम काढा.’ मग त्रिकोण समग आणि त्रिकोण सबट यांत कोन स सामाईक, म आणि ब हे काटकोन, म्हणून कोको कसोटीने ते समरूप. सग भागिले सट = सम भागिले सब. सम हा सट चा निम्मा, आणि सट² = ८१ + ७२९ = ८१०. म्हणून सग = ४०५ भागिले २७ = १५. उरले बग = १२.

सगळं बरोबर आहे, आणि वर्गातली निम्मी मुलं इथे मनातून हरतात. ‘मध्यबिंदू घ्या’ हे कुठून आलं? ती ओळ सगळ्यात वर लिहिलेली असते, जणू सोडवणाऱ्याला आधीच दिसलं होतं. मूल मनाशी म्हणतं, मला हे कधीच सुचलं नसतं, म्हणजे मला भूमिती येत नाही. सिद्धता लिहिण्याचा क्रम आणि ती सापडण्याचा क्रम एकमेकांच्या उलट असतात, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

सापडण्याचा क्रम असा असतो. दिलेलं काय? गट आणि गस सारखे. म्हणजे ग, ट, स हा समद्विभुज त्रिकोण झाला. समद्विभुज त्रिकोणात मला आणखी काय माहीत आहे? पायाकडचे कोन सारखे. याचा इथे उपयोग होतो का? लगेच दिसत नाही. दुसरं काय माहीत आहे? शिरोबिंदूतून पायाच्या मध्यावर काढलेली रेघ पायाला लंब असते. अरे, म्हणजे इथे एक काटकोन मिळतो. आकृतीत दुसरा काटकोन कुठे आहे? खांबापाशी. दोन काटकोन आणि स पाशी एक सामाईक कोन. मग समरूपता. आता मध्यबिंदू आकाशातून पडलेला राहत नाही. तो ‘दिलेलं काय, आणि त्यातून मला आणखी काय माहीत आहे’ या साध्या प्रश्नातून आला, आणि त्याआधी एक प्रयत्न वाया गेला. तो वाया गेलेला प्रयत्नही फळ्यावर दिसला पाहिजे. जो शिक्षक फळ्यावर फक्त तयार सिद्धता उतरवतो, तो मुलांना पोहोचल्याची जागा दाखवतो आणि वाट झाकून ठेवतो.

दहावीच्या प्रश्नपत्रिकेत अलीकडे ‘कृती पूर्ण करा’ असे प्रश्न येतात. सिद्धता छापलेली, मधल्या काही चौकटी रिकाम्या. घाबरलेल्या मुलाला सुरुवात करून द्यायला ते चांगले आहेत, मी त्यांच्या विरोधात नाही. पण चौकट भरणाऱ्याने वाट निवडलेली नसते. घरच्या अभ्यासात तेवढंच होत राहिलं, तर कोऱ्या कागदासमोर मुलाचा हात चालत नाही.

आणि आता फोन आला. उदाहरणाचा फोटो काढला की उत्तर येतं, पायऱ्यांसकट. ‘रीत लिहा’ एवढंच सांगणाऱ्या गृहपाठाचा जीव त्यामुळे गेला आहे, कारण रीत विकतही घ्यावी लागत नाही. पालक मला विचारतात, फोन काढून घ्यावा का? मी म्हणतो, पायऱ्या फोनवरून आल्या तरी चालतील, पण मुलीला समोर बसवा आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारा, हे कशावरून? त्यासाठी आईला दहावीचं गणित यावं लागत नाही. चौथी शिकलेली आईसुद्धा हे विचारू शकते. खरं कारण सांगणारी मुलगी आणि अडखळणारी मुलगी यांतला फरक बोलण्यातून कळतो, आणि बहुतेक वेळा मुलगी स्वतःच थांबून म्हणते, थांब, हे मला नीट कळलं नाही. रोज वीस उदाहरणं उतरवून आणण्यापेक्षा असं एक उदाहरण दोन वाटांनी सोडवून आणणं मला जास्त योग्य वाटतं. जॉर्ज पोल्या यांच्या १९४५ च्या ‘हाऊ टू सॉल्व्ह इट’ या पुस्तकात सोडवण्याचे चार टप्पे आहेत: समजून घेणं, आखणी, आखणी अमलात आणणं, आणि मागे वळून पाहणं. चौथा टप्पा आपल्याकडे ताळ्यापुरताच उरला आहे. तोही बहुतेक वेळा गाळला जातो.

मागे वळून पाहणं म्हणजे उदाहरणातल्या संख्या बदलणंही असतं. तेवढं करू आणि थांबू. साप बिळापासून सत्तावीसऐवजी फक्त सहा हातांवर असता तर? भास्कराचार्यांचीच रीत लावा. ८१ भागिले ६ म्हणजे १३.५. सहातून साडेतेरा वजा केले तर उणे साडेसात. निम्मे उणे पावणेचार. बरीच मुलं इथे पेन खाली ठेवतात, ‘चुकलं’ म्हणतात. पण आकडेमोड चुकलेली नाही. ताळा पाहा: उणे चिन्ह म्हणजे खांबाच्या पलीकडची बाजू. साप सहा हात बिळापर्यंत आणि पुढे पावणेचार, एकूण पावणेदहा गेला. मोराच्या झेपेचा वर्ग ८१ अधिक पावणेचारचा वर्ग, आणि त्याचं मूळही पावणेदहाच. समीकरणाला बीळ ठाऊक नाही, म्हणून ते सापाला खांबाच्या पलीकडे नेतं. साप मात्र बिळात शिरलेला असतो.

भास्कराचार्यांनाही अशी उत्तरं भेटली होती. ‘बीजगणिता’त माकडांचं एक उदाहरण आहे: कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून उरतील त्यांचा वर्ग, इतकी माकडं गुहेत गेली, एक फांदीवर दिसतं. उत्तरं दोन निघतात, पन्नास आणि पाच. पाच घेतलं तर पाचवा भाग एक, त्यातून तीन कसे काढायचे? पाच हे उत्तर त्यांनी बाजूला ठेवलं आणि का ठेवलं तेही सांगितलं: ऋण राशीवर लोकांची प्रतीती बसत नाही. समीकरण दोन्ही उत्तरांनी जुळतं, हे त्यांनी लपवलं नाही.

आपल्या सापाचं अंतर आता थोडं थोडं वाढवत न्या. सातला क्ष ऋण, आठला ऋण, नऊला बरोबर शून्य, म्हणजे गाठ थेट बिळाच्या तोंडाशी. दहाला प्रथमच धन, दहा हातांतून एक हाताहूनही कमी. खांब नऊ हातांचा, आणि चिन्ह बदलतं तेही नवावर. खांब बारा हातांचा केला तर कितीवर बदलेल, आणि कशावरून, हे दहावीतली मुलगी एका संध्याकाळी काढू शकते. भास्कराचार्यांनी ते विचारलेलं नाही.